राखेखालचा आर : थंडावलेली भक्ती पुन्हा पेटवण्याची रीत

रविवारची उपासना चालू असते. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगतात, बोट आपोआप पान काढते, ओठ गात राहतात आणि डोक्यात हिशेब चालतो की साडेअकराला सुटलो तर मटणाच्या दुकानापुढे रांग किती असेल. दानाची थैली पुढे येते, नोट पडते. प्रभूची प्रार्थना संपते आणि आपण ती म्हटली की नाही तेही आठवत नाही. एखाद्या रविवारी असे व्हायचेच. पण सहा-सहा महिने असेच चालले असेल, तर काहीतरी करायला हवे.

बहुतेक जण काय करतात? मोठी संजीवन सभा गाठतात. तीन रात्री मैदानात बसतात, रडतात, हात वर करतात आणि घरी येऊन रोज पहाटे चारला उठायचा निश्चय करतात. दहा दिवसांत सगळे पहिल्यासारखे, वर आणखी एक निश्चय मोडल्याचा अपराधीपणा. सभांमध्ये वाईट काही नाही. चूक क्रमाची आहे.

सोलापूरच्या ज्वारीच्या पट्ट्यात थंडीत ज्याने हुरड्याची आगटी राखली आहे, त्याला हा क्रम वेगळा सांगावा लागत नाही. वरून नुसती राख दिसते. नवखा माणूस 'विझली वाटतं' म्हणून वर आणखी गोवऱ्या टाकतो आणि डोळे चोळत बसतो. धूर होतो, जाळ काही होत नाही. जाणता माणूस आधी तळहात वर धरून धग पाहतो, काटकीने राख बाजूला सारतो, लाल आर दिसला की बारीक चिपाडे टाकून फुंकर घालतो. गोवरी सगळ्यात शेवटी.

लेवीय ६:१०-१३ मध्ये वेदीच्या अग्नीचा नियम याच क्रमाने दिला आहे. याजकाने तागाची वस्त्रे घालून आधी राख उचलायची, वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. रोज सकाळी लाकडे रचण्याची गोष्ट त्यानंतर येते. अग्नी विझू देऊ नये ही ओळ आपल्याला पाठ असते. राखेच्या ओळी कोणी पाठ करत नाही. पुढची रीत ४० दिवसांच्या हिशेबाने मांडली आहे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात केली तर घरच्यांचीही साथ मिळते, पण तो ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारासाठी थांबायचे कारण नाही.

आधी धग पाहा

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहा, प्रत्येकी दोन-तीन ओळींत. कोणी सांगितले नसताना, जेवणाची किंवा प्रवासाची नव्हे अशी प्रार्थना शेवटची कधी केली? त्या सुमारास आयुष्यात काय बदलले : नोकरी, कामाची पाळी, बाळंतपण, मृत्यू, कर्ज, भांडण? आणि मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, कोणाचे नाव निघाले की तोंड कडू होते?

दुसऱ्या उत्तरात अलीकडचे आजारपण, रात्रपाळी किंवा घरातला मृत्यू आला असेल, तर आधी शरीराकडे बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली 'आता पुरे' म्हणून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगराची वाट त्यानंतरची. रोज पाच तास झोपणाऱ्याने पहाटेच्या प्रार्थनेसाठी आणखी एक तास कापला, तर त्याला गुडघ्यावर डुलकीच लागणार. अशांनी रीत सुरू करण्याआधी सात दिवस फक्त झोप भरून काढावी. त्यालाही अध्यात्मच म्हणायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटते, झोप-भूक बिघडली आहे, कशातच रस नाही, मरणाचे विचार येतात, अशी स्थिती असेल तर तो विश्वासाचा कमकुवतपणा समजू नका. डॉक्टरांकडे जा, रक्तातले लोह आणि थायरॉईडही तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच थिजतो. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. अशा माणसाला 'प्रार्थना कमी पडते तुझी' असे सांगणारे बंधू-भगिनी प्रत्येक मंडळीत दोन-चार असतातच. त्यांचे मनावर घेऊ नये.

थकवा आणि आजार यांखेरीज तिसरी शक्यता आपल्याकडे जास्त आढळते. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ज्यांच्या घराण्यात विश्वास आला, अशा कुटुंबांची चौथी-पाचवी पिढी आज बाकांवर बसते. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, लग्न चर्चमध्ये झाले. पण 'पहिली प्रीती' म्हणून आठवायला गेले तर पणजोबांची साक्ष आठवते, स्वतःची नाही. तसे असेल तर लाजू नका. तुम्हाला विझलेले पेटवायचे नाही, पहिल्यांदाच पेटवायचे आहे. पाळकांना तसे सरळ सांगा आणि पुढची रीत तशीच करा, फक्त मार्कचे शुभवर्तमान आधी कधी ऐकलेच नाही असे समजून वाचा.

राख काढणे : पहिले पाच दिवस

या पाच दिवसांत नवीन काही सुरू करू नका. लवकर उठणे नाही, उपास नाही. एका संध्याकाळी पाऊण तास काढा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा. बाराव्या वचनाशी थांबा : 'तू आपल्या तारणाचा हर्ष मला पुन्हा दे.' दावीद इथे नवे तारण मागत नाही, गेलेला हर्ष परत मागतो.

मग वहीत लिहा. काय, कोणाशी, केव्हा. 'मी पापी आहे, माझ्यात प्रेम कमी आहे' असल्या गोल वाक्यांनी राख हलत नाही. 'दिवाळीत धाकट्या भावाच्या बायकोबद्दल मावशीजवळ जे बोललो ते खोटे होते' हे वाक्य हलवते. लिहिताना समोरच्याचे पाप लिहायला हात वळला की समजावे, आपण दुसऱ्याची आगटी उकरतोय.

आमच्या अनुभवात राखेचा सर्वांत जाड थर मंडळीतल्या भांडणाचा असतो. कमिटीची निवडणूक, चर्चच्या जागेचा वाद, कोणाच्या लग्नात कोणाला बोलावले नाही. तीन-तीन वर्षे एकाच प्याल्याने प्रभुभोजन घेणारी दोन घरे एकमेकांच्या पायरीवर चढत नाहीत. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट कर असे आहे. प्रार्थना नीट होत नाही म्हणून नवनव्या युक्त्या शोधणाऱ्याने आधी हे करावे.

कसे जायचे? दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जा, जेवणाच्या वेळी नको. एकटे जा. वाक्य आधी वहीत लिहून तयार करा : 'दादा, त्या मीटिंगमध्ये मी तुमच्यावर पैशाचा आरोप केला. पुरावा नव्हता. माझं चुकलं, माफ करा.' एवढेच. या वाक्याच्या मागे 'पण' आला की माफीची वकिली होते. समोरचा गप्प राहिला, दार लावले, तरी तुमचे काम झाले. रोम १२:१८ मध्ये 'तुमच्याकडून होईल तितके' एवढीच अट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर माफी मागू नका. तिचा स्क्रीनशॉट फिरतो आणि नवी राख पडते. पैसे देणे असतील तर पाकीट बरोबर न्या, सगळे नसतील तर पहिला हप्ता. ज्याने मारहाण किंवा अत्याचार केला आहे, अशा माणसाच्या दारात मात्र एकट्याने जायचे नाही. ते प्रकरण पाळकांपाशी, गरज असेल तर पोलिसांपाशी न्यायचे.

पाचव्या दिवशी ती पाने फाडून जाळून टाका. वही ठेवायची, पाने नाहीत.

इफिसकरांची पहिली कृत्ये

'तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस' हे प्रकटीकरण २:४ मधले वचन सगळ्यांना माहीत असते. ते कोणाला म्हटले आहे हे पाहिले की दचकायला होते. इफिस शहरातली ही मंडळी आळशी नव्हती. तिचे श्रम, धीर, खोट्या प्रेषितांना पारखण्याची हुशारी, या सगळ्याची स्तुती आधीच्या दोन वचनांत आहे. आजच्या भाषेत : कमिटी कामसू, शिकवण शुद्ध, हिशेब चोख. तरी दिवठणी हलवण्याची ताकीद तिलाच.

उपाय पाचव्या वचनात तीन क्रियापदांत आहे : आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. 'पहिल्या भावना आण' असे नाही. भावना कोणालाच ओढून आणता येत नाहीत, कृत्ये करता येतात. ती पहिली कृत्ये कोणती, हेही शोधता येते, कारण इफिसची सुरुवात प्रेषितांची कृत्ये १९ व २० मध्ये लिहिलेली आहे. विश्वास ठेवलेल्यांनी येऊन आपली कर्मे उघड कबूल केली. जादूटोण्याची पुस्तके सर्वांदेखत जाळली. किंमत काढली तर चांदीची ५०,००० नाणी भरली. पौलाला निरोप देताना वडीलजनांनी त्याच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि गळ्यात पडून रडले. म्हणजे उघड कबुली, खिशाला झळ लागणारा त्याग आणि एकत्र गुडघे टेकणे.

सहाव्या दिवशी वहीत तुमची पहिली कृत्ये लिहा. बाप्तिस्म्यानंतर किंवा एखाद्या शिबिरानंतरच्या काळात तुम्ही काय करत होता जे आज करत नाही? आजारी माणसाला भेटायला जायचो. शब्बाथ शाळेच्या पोरांना सुवर्णवचन पाठ करून घ्यायचो. पहिल्या पगारातले दशांश वेगळ्या पाकिटात ठेवायचो. त्यातले एकच निवडा, आठवड्यातून एकदा करता येईल असे. आणि त्याच्या जोडीला एक गोष्ट सोडा, जिची किंमत लागेल. सोडायची गोष्ट स्वस्त असेल तर तिचा उपयोग नाही. चहा सोडून रील पाहत राहणाऱ्याने फसवले कोणाला?

काटक्या : रोजची वीस मिनिटे

सातव्या दिवसापासून वीस मिनिटे. तास नको. तासाभराने सुरुवात करणाऱ्यांचे चौथ्या-पाचव्या दिवशी गाडे अडते, कारण त्या दिवशी घरात पाहुणा येतो किंवा लाईट जाते.

दोन मिनिटे नुसते बसणे. चार मिनिटे एक स्तोत्र, मोठ्याने, ओठ हलवून. सात मिनिटे मार्क. पाच मिनिटे प्रार्थना. दोन मिनिटांत वहीत एक ओळ, तारखेसह. बायबल कागदाचे घ्या. मोबाईलवर वाचताना वरून बँकेचा, ग्रुपचा, दूधवाल्याचा मेसेज टपकतो आणि सात मिनिटांची तीन उरतात.

मार्कचे अध्याय १६. रोज अर्धा घेतला तर ३२ दिवस पुरतो. उरलेले दोन दिवस त्यातलीच मनात अडकलेली जागा पुन्हा वाचायला. स्तोत्रे रोज बदलू नका. एकच स्तोत्र चार-पाच दिवस घोळवले की त्याची वाक्ये भाकरी थापतानाही तोंडात येतात. क्रम असा ठेवावा : ३२ आणि १३०, कारण राख नुकतीच काढली आहे, मग ४२ आणि ६३, तहानेची, नंतर २७, शेवटी १०३ आणि ११६, उपकारस्तुतीची. उपकारस्तुती सुरुवातीलाच घेतली तर तोंडदेखली होते.

घर दोन खोल्यांचे आणि माणसे सहा असतील, तर मत्तय ६:६ मधली 'आतली खोली' आणायची कुठून? उन्हाळ्यात गच्ची, पहाटे साडेपाचला, ऊन तापायच्या आत. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना कंबर तलावाकडची पायवाट. चालत प्रार्थना केली की डुलकीही लागत नाही. नाहीतर स्वयंपाकघराचा कोपरा, भिंतीकडे तोंड. जागा रोज तीच ठेवा. आठवड्याभरात शरीरालाच कळते की इथे बसले म्हणजे काय.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि आले की घर धावते. अख्ख्या वेळापत्रकाचा खून याच दिवशी होतो. म्हणून पाण्याच्या दिवसाचा वेगळा नियम करा : पाईप पिंपात सोडला की पिंप भरेपर्यंत उभ्याने एकच स्तोत्र, बाकी सगळे माफ. त्या दिवशी ६३ वे घ्या. 'निर्जल प्रदेशात माझा जीव तुझ्यासाठी तान्हेला' हा अर्थ पिंपात पडणाऱ्या धारेपाशी जसा कळतो तसा बाकावर बसून कळत नाही. विड्या वळणाऱ्या बायांना हात मोकळे नसतात. तिथे घरातल्या शाळकरी मुलाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी वळता वळता ऐकावे. यंत्रमागावर पाळी बदलते, तिथे वेळ घड्याळाला बांधू नका, झोपेला बांधा : उठल्यावर पहिले.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि मंडळी मराठी असेल, तर एकांतातली प्रार्थना घरच्या भाषेत करा. रडू आणि भांडण ज्या भाषेत येते, तीच प्रार्थनेची भाषा.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत तेव्हा गाणे मदत करते. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंगाच्या चालीत ख्रिस्तभक्ती ओतली ती उगाच नव्हे. ती चाल मराठी कानात आधीच मुरलेली असते. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातले त्यांचे एक पद निवडा, आठवडाभर तेच, संथ, पेटीशिवाय. एका ओळीपाशी अडखळलात तर पुढे जाऊ नका. तिथेच काम चालले आहे.

एकटा निखारा

पंधराव्या दिवसापासून दोन किंवा तीन जणांची जोड करा, जास्त नको. बुधवार किंवा गुरुवार, ४० मिनिटे, चहाशिवाय. चहा ठेवला की यजमानीण आत अडकते आणि पोह्यांपर्यंत गोष्ट जाते. दहा मिनिटे प्रत्येकाने वहीतली एक ओळ वाचायची, दहा मिनिटे कबुली (याकोब ५:१६, पुरुषांनी पुरुषांत, बायांनी बायांत), वीस मिनिटे प्रार्थना. उपदेश नाही. पाळक आले तरी उपदेश नाही.

इथे एकच रोग लागतो : 'प्रार्थनेचा विषय'. 'त्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा बरं का, काय झालंय तुम्हाला माहीत नसेल...' अशी सुरुवात झाली की ती चहाडी आहे, वर आमेन लावलेली. स्वतःखेरीज दुसऱ्याचा विषय त्याच्या परवानगीशिवाय काढायचा नाही, असा नियम पहिल्या दिवशीच करा. एकदा मोडला तर बोलून दाखवा. दोनदा मोडला तर जोड बदला.

किती दिवस धीर धरायचा, याचा अंदाज केडगावावरून येतो. पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर लागते तेच केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. तिथली १९०५ ची जागृती प्रसिद्ध आहे, पण ती जूनअखेरची. जानेवारीपासून रमाबाई सुमारे ७० जणींना घेऊन रोज प्रार्थनेला बसत होत्या. जाळ सगळ्यांना दिसला तो जूनचा. काटक्या सहा महिने आधीपासून पडत होत्या. आणि जागृतीनंतर त्या काय करत राहिल्या? बायबलच्या मराठी भाषांतराचे किचकट काम, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

लाकूड : उपास आणि सेवा

उपास विसाव्या दिवसानंतर, आठवड्यातून एका जेवणाचा. पाणी चालू ठेवायचे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा निर्जळी उपास म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी जेवण सोडू नये. त्यांनी संध्याकाळचा टीव्ही सोडावा. वाचलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढा. यशया ५८ मध्ये देवाला हवा असलेला उपास भुकेल्याला भाकर वाटण्याचा आहे. महिन्याला चार जेवणे म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात पेशंटबरोबर राहिलेल्या खेड्यातल्या माणसांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या चार पुड्या सहज होतात. द्या, विचारपूस करा, निघून या. भुकेल्या माणसाला पत्रक देऊ नका. तो नाही म्हणू शकत नाही.

उलट जे आधीच सेवेत पिचले आहेत, म्हणजे गायनवृंद, शब्बाथ शाळेच्या ताई, महिला मंडळाच्या सेक्रेटरी, दर रविवारी चटया अंथरणारी तरुण संघाची पोरे, त्यांना लाकूड वाढवायचे नाही, थोडे काढायचे आहे. गच्च रचलेल्या चुलीला वारा मिळत नाही. चाळिसातले दोन रविवार त्यांनी मागच्या बाकावर बसावे, हातात काही न घेता. पाळकांना हे आठवडाभर आधी सांगा, आदल्या रात्री नव्हे.

बिघडते कुठे

दहाव्या-बाराव्या दिवशी काहीच वाटत नाही. हे इतके हमखास घडते की वहीत आधीच त्या तारखेवर खूण करून ठेवा. कोरडेपणा आला की लोक यूट्यूबवरचे प्रवचन लावतात. दुसऱ्याच्या चुलीची धग घेऊन अंग शेकते, आपली आगटी तशीच राहते. वीस मिनिटांच्या आत प्रवचन नको. बाहेर कितीही ऐका.

दुसरे, बरे वाटू लागले की विसाव्या दिवशी वीसची साठ मिनिटे करण्याचा मोह. करू नका. ओल्या गोवरीचा धूर तोच.

आणि मध्ये दिवस चुकतात. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गावाकडचे पाहुणे आले, तापाने अंथरूण धरले, तीन दिवस गेले. मागावर तार तुटली तर कारागीर माग थांबवतो, दोन टोके शोधतो, गाठ मारतो आणि धोटा पुन्हा सोडतो. अख्खा ताणा कापून टाकत नाही. तसेच करा. चुकलेले अध्याय भरून काढायला बसू नका, दिवस पहिल्यापासून मोजू नका. वहीत चुकलेल्या तारखांपुढे रेघ ओढा आणि मार्कच्या ज्या वचनाशी थांबला होता त्याच्या पुढच्या वचनापासून वाचा.